पहिल्या दळणाची कच

रविवार, १२ जानेवारी २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. नाशिक रोडच्या आमच्या दिवाणखान्यात त्या वेळी सात माणसे होती. मी, माझा मुलगा नवनाथ, सून अंजली आणि नात साक्षी. समोरच्या सोफ्यावर रोहित, त्याचे वडील वाल्मीकराव आणि आई सगुणाताई. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम असे त्याला म्हणायचे एवढेच. साक्षी आणि रोहित एकमेकांना वर्षभर ओळखत होते आणि वडीलधाऱ्यांनी ठरवल्यासारखे करावे अशी त्या दोघांचीच सूचना होती. रोहित इगतपुरीला रेल्वेत इंजिनिअर. मुलगा शांत, नखे कापलेली, बोलण्याआधी विचार करणारा. मला तो आवडला होता. पोहे झाले, चहा व्हायचा होता. सगुणाताईंनी रिकामी बशी गुडघ्यावर धरली आणि सहज विचारले, "अण्णा, तुमची शेती कुठंशी?" मी तोंड उघडण्यापूर्वी नवनाथ म्हणाला, "निफाडकडं. आठ एकर." माझ्या हातातला चमचा बशीवर वाजला. बाहेरून पाहणाऱ्याला एवढेच दिसले असते.

निफाडला आमची शेती नाही. कुठेच नाही, कधी नव्हती. आम्ही टाकारी, पाट्या-वरवंट्याला, जात्याला टाकी लावणारे. वापरून वापरून गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने टोचून पुन्हा खरखरीत करायचा, हा आमचा धंदा. आणि या गोष्टीतली गंमत अशी, की समोर बसलेली मंडळीही टाकारीच होती. खोलीतल्या सातही जणांना हे ठाऊक होते. आमचे लागेबांधे, आमचे कुलदैवत, आमची मर्तिके सगळी एकमेकांत गुंतलेली. तरीही वाल्मीकरावांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आमची सिन्नरकडं होती. कंपन्यांत गेली." ही आमच्यातली एक रीत आहे. नोकरीला लागलेल्या प्रत्येक घराने स्वतःसाठी एक शेत तयार केलेले असते. जाधव, गायकवाड ही आडनावे त्याला सोयीची पडतात. शेजारी, साहेब, मुलांच्या शाळेतले पालक यांच्यासाठी सुरुवातीला केलेले ते शेत हळूहळू आपसांतही चालू लागते, आणि मग कोणी कोणाच्या बांधावर पाय ठेवत नाही. आमच्या शेतात नवनाथने काही वर्षांपूर्वी विहीर खणली. परवा शेजारच्या देशमुखांशी तो द्राक्षांवरच्या भुरी रोगाबद्दल बोलत होता, आणि त्याचा चेहरा खरोखर चिंतेचा होता. मी गॅलरीत उभा राहून ऐकत होतो. डिप्लोमा झाल्यापासून निवृत्तीपर्यंत मी कारखान्याच्या टूलरूममध्ये पत्रा कापणाऱ्या साच्यांची, प्रेसटूल्सची, रेखाटने केली. डायच्या आणि पंचाच्या मधली फट शतांश मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या माणसाला आठ एकरांची फट दिसत नाही असे कसे होईल? पण दिसणे वेगळे आणि अंगाला लागणे वेगळे. त्या रविवारी ती लागली, कारण नवनाथचे उत्तर इतके पटकन आले, की त्या पटकनपणात माझ्या आईला उभे राहायलाही जागा उरली नाही.

माझी आई चांगुणा. पंचवटीच्या पलीकडे ओढ्याच्या काठाला आमचे पाल होते. ती सकाळी टाक्या कमरेच्या पिशवीत घालून निघायची, आणि गल्लीच्या तोंडाशी तिची हाळी सुरू व्हायची, "टाकीऽय, जात्याला पाट्याला टाकीऽय." शेवटचा 'य' ती वर उचलायची, तो माडीपर्यंत पोचायचा. घरातल्या बाईने पाटा उचलून बाहेरच्या पायरीवर आणून ठेवायचा, आईने पायरीखाली बसायचे. दगडाला तिचे हात लागलेले चालत, उंबऱ्याला नाही. मग टक टक टक सुरू होई. कडेपासून मधल्या अंगाकडे तिरप्या ओळी, एका घावाला दुसरा खेटून; ती डोळे बारीक करून तोंड किंचित बाजूला वळवी, कारण दगडाच्या कपरी उडून डोळ्यांत जात. उजव्या डोळ्याचे तिचे पाणी कधी थांबले नाही. टाकी लावलेल्या जात्यावर पहिले दळण घरात खायचे नाही, त्यात दगडाची कच उतरते, म्हणून ते पहिले दळण टाकारणीच्या पदरात टाकायची पद्धत होती. बायका ते देताना हात आखडत नसत. उलट थोडे जास्तच दळत, म्हणजे कच पुरती निघून जाई. आमच्या घरी भाकरी व्हायची ती या पिठाची. चावताना करकर आवाज येई. इतर घरांतल्या भाकरीला आवाज नसतो, हे मला शाळेत गेल्यावर एका मित्राच्या डब्यामुळे कळले, आणि ती मऊ भाकरी मला बेचव वाटली होती. पुढे कॉलेज रोडच्या दंतवैद्याने माझ्या दाढा पाहून विचारले, झोपेत दात खाता का? दाढा सपाट झाल्या आहेत. मी म्हणालो, जागेपणीच खाल्लेत. तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

साक्षीने पुण्याला पुरातत्त्व शिकून जगभरातल्या दळणाच्या दगडांचा विषय घेतला, तेव्हा घरात कोणी त्याचा आमच्याशी संबंध जोडला नाही. मीही नाही. ती फ्रान्सला गेली, आणि मागच्या मे महिन्यात मला महिनाभर घेऊन गेली. वेझेर नावाच्या नदीकाठचे ते लहानसे गाव. त्याचे नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही, म्हणून मी त्याला कड्याखालचे गाव म्हणतो. एकच रस्ता, एक बेकरी, एक चर्च, आणि गावावर कपाळासारखा पुढे आलेला पिवळट चुनखडीचा प्रचंड कडा. पहिल्या रांगेतल्या घरांना मागची भिंतच नाही. मागची भिंत म्हणजे डोंगर. त्याच कड्याच्या वळचणीला वीस-तीस हजार वर्षांपूर्वी माणसे राहत होती, आजही राहतात. मधे फक्त पडदे आणि विजेची तार आली. मला ते पाहताना आपली पांडवलेणी आठवली नाहीत, ओढ्याकाठचे पाल आठवले. पालालाही मागची भिंत नव्हती. मागे ओढ्याची दरड होती, आणि आई चुलीचा धूर त्या दरडीला लागून वर जाईल अशा बेताने चूल मांडायची. गावातल्या संग्रहालयात मी रोज जात असे. काचेमागे गारगोटीची पाती, कोरलेली हाडे, आणि एका दालनात दळणाचे दगड, पाट्यासारखे, मधे बसके झालेले. साक्षीने सांगितले, दळलेले खाणाऱ्या जुन्या लोकांच्या दाढांवर कचेमुळे झीज दिसते, सपाट. मी तोंड मिटले आणि जिभेने माझ्या दाढा चाचपल्या. त्या थंड दालनात, इतक्या दूर, कोणीतरी माझ्या ताटात जेवून गेले होते.

एका सकाळी संग्रहालयाच्या गच्चीवर प्रात्यक्षिक होते. डोळ्यांना चष्मा, मांडीवर चामड्याचा तुकडा, अशी एक फ्रेंच बाई खाली बसली होती आणि हातातल्या गोट्याने एका सपाट दगडाला टोचून खरखरीत करत होती. लोखंडाच्या आधी हे असेच करत, असे ती समोरच्या शाळेच्या मुलांना सांगत होती. टक टक टक. मुले श्वास रोखून पाहत होती. एका मुलीने पुढे होऊन दगडावर हात फिरवला आणि ती ओरडलीच. शेवटी टाळ्या वाजल्या. माझ्या आयुष्यात मी तो आवाज हजारदा ऐकला होता, त्यानंतर टाळी पडलेली मात्र प्रथमच ऐकली. बाईने मला उभा पाहून गोटा पुढे केला. साक्षी म्हणाली, "बसा ना आजोबा." मी बसलो. पहिला घाव बाजूला गेला, दुसरा माझ्या अंगठ्यावर. माझ्या हाताला काही येत नव्हते. येणार कुठून? आईने मला टाकीला कधी हात लावू दिला नाही. एकदा मी पिशवीतून टाकी काढली, तर तिने मनगटावर चापट दिली. "ह्या हातात पेन्सिल धरायची हाय. घट्टे पडले तर रेघ हलंल." तिला रेघेबद्दल काय माहीत होते कोण जाणे, पण माझी रेघ आयुष्यभर हलली नाही. त्या गच्चीवर मला स्पष्ट दिसले, की माझ्या आईचा हात जर कोणाकडे असेल तर तो चष्मेवाल्या परक्या बाईकडे होता, माझ्याकडे नव्हता. रक्ताने काही उतरत नाही. करण्याने उतरते.

"व्याख्यान आहे म्हणे तुझं?" वाल्मीकराव साक्षीला विचारत होते, आणि मी कड्याखालून परत दिवाणखान्यात आलो. चहा आला होता. पहिल्या फेब्रुवारीला वाचनालयाच्या सभागृहात साक्षीचे व्याख्यान ठरले होते, मराठीत, दळणाच्या दगडाविषयी. वाल्मीकरावांनी सगळी माहिती काढली होती. फ्रान्सचे त्यांना मनापासून कौतुक होते. त्यांच्या ऑफिसातल्या दोघा-तिघांना ते घेऊन येणार होते. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि आवाजही. म्हणाले, रोहितने सांगितले त्यावरून असे दिसते, की व्याख्यानाच्या शेवटी पणजीचा फोटो आहे. टाकी लावतानाचा. साक्षी म्हणाली, आहे. वाल्मीकरावांनी कोणाचेही मन दुखवायचे नाही अशा बेताने पुढे मांडले, की वर्तमानपत्रात येईल, ऑफिसातली माणसे असतील, लग्नानंतर आमच्या घरची सून म्हणून लोक तिला यावरूनच ओळखतील. आपण एवढ्या वर्षांत जे उभे केले ते लोकांच्या एका नजरेत खाली येते, हे त्यांनी पाहिले आहे. त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. इंग्रजांनी आमची जमात जन्मजात गुन्हेगार ठरवली होती. तो शिक्का बावन्न साली कागदावरून गेला, पण गल्लीत तांब्या हरवला की पहिला हात आमच्या पालावर पडत राहिला. शेते उगाच नाही उगवली. भीतीला खतपाणी फार चांगले मिळाले होते.

"फोटो काढाच असं मी म्हणत नाही," वाल्मीकराव म्हणाले. "पणजी म्हणून दाखव. नुसती पणजी. फोटोत हात हललेला आहे, टाकी दिसतच नाही. काय करतेय ते तू सांगितलं नाहीस तर कुणाला कळणार? बसलीय म्हातारी पायरीपाशी."

तो फोटो मी काढलेला होता. तंत्रनिकेतनातल्या आमच्या रेखाकलेच्या सरांचा कॅमेरा एका सुट्टीत मागून आणला होता. उजेड कमी, शटर मंद. आईचा चेहरा आणि मांडीपुढचा पाटा स्वच्छ आले, पण टाकी-हातोडीच्या जागी केवळ पांढुरका धूर आला. काम करणारा भाग तेवढा पुसला गेला. तेव्हा मला तो फोटो फसलेला वाटला होता. आता वाल्मीकराव त्या फसण्यावर लग्न उभारू पाहत होते, आणि अभियंता म्हणून सांगतो, योजना चांगली होती. कोणालाही खोटे बोलावे लागणार नव्हते. फोटो राहणार, पणजी राहणार, सोयरीक राहणार. जायचा होता तो फक्त धूर.

साक्षी म्हणाली, "ती आजोबांची आई आहे. ते नको म्हणाले तर मी नाही सांगणार काही." तिने हे अगदी सरळ सांगितले, आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. नवनाथ पापणी न हलवता पाहत होता; त्या नजरेत हुकूम नव्हता, विनवणी होती, आणि ती मला हुकमापेक्षा जड गेली. त्याने मुलीच्या लग्नासाठी काय काय जुळवले होते ते मला ठाऊक होते. रोहित कपातल्या सायीकडे पाहत होता. त्याने एकदा मान वर करावी असे मला फार वाटले. मी हो म्हणालो तर लग्न, नाही म्हणालो तर बहुधा नाही. एवढा साधा हिशेब माझ्यासमोर या वयात कोणी ठेवला नव्हता.

प्रथम माझ्या मनात आला तो फ्रान्सच. म्हणावे, वाल्मीकराव, तुम्ही ज्याला लपवता त्याला तिकडे काचेच्या पेटीत ठेवतात, दिवे लावतात, टाळ्या वाजवतात; माणसाच्या पहिल्या कारागिरीपैकी ही एक. वाक्य ओठांवर तयार होते आणि मला माहीत होते, ते चालेल. फ्रान्सचे नाव त्यांच्यावर चालते. पण त्याच क्षणी मला संग्रहालयाच्या भांडारातला तो एक दगड आठवला. साक्षीने मला आत नेले होते. लाकडी कप्प्यात एक फुटका पाटा होता, त्यावर तिरप्या ओळी, कडेपासून मधे, घावाला घाव खेटून. माझे अंग शहारले होते. मी साक्षीला सांगितले, ही टाकी आहे, ही बाईची टाकी आहे, तोंड बाजूला वळवून लावलेली, लिहून घे. तिने लिहून घेतले, तिचेही डोळे चमकत होते. दोन रात्री मी त्या आनंदात झोपलो नाही. माझ्या आईला हजारो वर्षांची बहीण मिळाली होती. मी नाशिकला परतल्यावर तिचा फोन आला. सूक्ष्मदर्शकाखाली त्या घावांत लोखंड सापडले. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कड्याखाली रस्त्याचे काम झाले, तेव्हाच्या कोणा मजुराने तो दगड हाताशी लागला म्हणून कुदळीने तासून पायरीला बसवला होता. "आजोबा, कुदळीचा मार निघाला," ती म्हणाली, आणि मग हळूच, "मलाही ते हवंच होतं." जिथे तिरप्या ओळी तिथे आपली माणसे, असे पाहणारा डोळा टाकाऱ्याच्याच पोराचा असू शकतो. त्या चुकीने मी काही दिवस खजील होतो. नंतर खजीलपणाच्या तळाशी दुसरेच काही हाताला लागले. मला बहीण हवी होती ती कशाला? आईला एकटी उभी करायला मी कचरत होतो म्हणून. तिच्या बाजूला पुराणकाळाचा एक सन्माननीय साक्षीदार असावा, फ्रेंच असल्यास उत्तम, असे मला वाटत होते. नवनाथने तिच्यापुढे आठ एकर पसरले, मी वीस हजार वर्षे पसरत होतो. क्षेत्रफळाचाच काय तो फरक.

आपल्याकडे म्हण आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. शाळेत मास्तरांनी ती फळ्यावर लिहिली तेव्हा मी फार खूश झालो होतो. आमच्या घरातली वस्तू फळ्यावर होती. त्या म्हणीत दगड आहे, घाव आहेत, देव आहे. टाकी धरणारी कुठे आहे ते मात्र मला आजतागायत सापडलेले नाही. दगडाने सोसले हे सगळ्यांना दिसते. तिच्या डोळ्यातले पाणी, तिच्या भाकरीतली कच, पायरीच्या खालची जागा, ही सोसण्यात धरत नाहीत. तिला देवपण नको होते. तिला नमस्कारही नको होता. कोणी केला असता तर ती पिशवी उचलून पुढच्या गल्लीत गेली असती. तिला तिच्या कामाचे नाव होते आणि ते ती रोज सकाळी माडीपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगत असे. लपवले ते आम्ही, ज्यांना तिने मऊ भाकरीपर्यंत पोचवले. मी दाढेवर दाढ ठेवली. नेहमीसारख्या त्या सपाट बसल्या.

"फोटो राहील," मी म्हणालो. "खाली नाव लिहायचं, चांगुणा. आणि काम लिहायचं, टाकी लावणे. हात हलला आहे, दिसत नाही, म्हणूनच लिहायचं."

नवनाथने "अण्णा" एवढेच म्हटले.

"काका, रागावू नका," वाल्मीकराव शांतपणे म्हणाले, "पण याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?"

"कळतो. आणि निफाडला आमची शेती नाही, वाल्मीकराव. ती आठ एकर मी आजपासून सोडली."

सिन्नरच्या शेताबद्दल मी अवाक्षर काढले नाही. त्यांची आजी मला आठवत होती; पंचवटीत माझ्या आईने एक गल्ली धरली की ती दुसरी धरायची. पण ते शेत त्यांचे होते, सोडायचे की कसायचे ते त्यांनी पाहावे. मी माझ्यापुरता बांध मोडला. तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असलेली अंजली कोणाकडेही न पाहता म्हणाली, "माझ्या लग्नात मला चारच एकर सांगितली होती." साक्षी हसली. आणि सगुणाताईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. वाल्मीकरावांनी त्यांच्याकडे पाहिल्यावर ते हलायचे थांबले.

मंडळी रीतीप्रमाणे उठली, रीतीप्रमाणे मला वाकून नमस्कार केला. रोहितने बूट घालायला जरा जास्त वेळ लावला. लिफ्टचे दार मिटल्यावर नवनाथने रिकामे कप गोळा केले, जे तो एरवी कधी करत नाही, आणि आत जाताना म्हणाला, "तुमचं आयुष्य झालं अण्णा. तिचं व्हायचंय." त्याचे म्हणणे खरे होते. माझे मात्र त्यामुळे बदलले नाही. संध्याकाळी मी साक्षीजवळ गेलो आणि माझ्यामुळे तिचे काही बिघडले तर, असे काहीतरी बोलू लागलो. तिने लॅपटॉपवरून डोळे उचलले नाहीत. "मी तुम्हाला परवानगी विचारली होती, आजोबा. सल्ला नाही. तुम्ही नको म्हणाला असतात तर मी ऐकलं असतं, पण आधी भांडले असते." मग तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. आईच्या फोटोखाली तिने दोन ओळी लिहिल्या होत्या आणि अक्षरे किती मोठी ठेवावीत ते विचारत होती. मी म्हणालो, शेवटच्या रांगेतून वाचता आली पाहिजेत.

वाल्मीकरावांचा निरोप नवनाथच्या फोनवर आला, तूर्त थांबू या. रोहितशी साक्षी गॅलरीत बराच वेळ बोलत होती. आत आल्यावर म्हणाली, "बाबांचं मन वळवायला वेळ लागेल म्हणतो. मी म्हटलं, वळव." तिच्या आवाजात कंप नव्हता, पण त्या रात्री ती जेवली नाही, आणि अंजलीने तिचे ताट झाकून ठेवले तेव्हा मीही माझ्या ताटावरून उठलो. बंडाची किंमत बंड करणाराच भरतो असे नाही, हे मला ठाऊक होते. डोळ्यांसमोर ते ताट झाकलेले पाहणे निराळे.

पहिल्या फेब्रुवारीला सभागृह बऱ्यापैकी भरले होते. मी पुढच्या रांगेत बसलो, शेजारी अंजली. नवनाथ सोडायला आला आणि गाडी लावून येतो म्हणून गेला. व्याख्यान सुरू झाल्यावर तो मागे भिंतीशी उभा असलेला मला दिसला. साक्षीने कडा दाखवला, कड्याखालची घरे दाखवली, गच्चीवरची चष्मेवाली बाई दाखवली. तिने तो फुटका पाटाही दाखवला आणि सांगितले, की माझ्या आजोबांनी आणि मी ही टाकी आहे असे ठरवले होते, आणि आम्ही चुकलो. हे एका रस्त्यावरच्या मजुराचे काम आहे, त्याचे नाव आपल्याला माहीत नाही. लोक हसले, चांगले हसले. मग पडद्यावर आई आली. पायरीखाली बसलेली, डोळे बारीक केलेले, हातांच्या जागी धूर. "या माझ्या पणजी, चांगुणा जाधव. या पंचवटीत घरोघरी फिरून टाकी लावायच्या. यांचं नाव आपल्याला माहीत आहे." ती एवढेच बोलली आणि थांबली. सभागृहात कोणी काय विचार करत होते मला ठाऊक नाही. काहींनी मनात आमच्या नावापुढे खूण केली असेल, करोत.

दिवे लागल्यावर लोक साक्षीभोवती जमले. मी मागे वळून दाराकडे पाहिले, रोहितसाठी. तो नव्हता. वाल्मीकराव नव्हते, त्यांच्या ऑफिसातली माणसे नव्हती. मधल्या रांगेतून सगुणाताई एकट्या येत होत्या, चपला हातात नसूनही असल्यासारख्या जपून. त्या माझ्यापाशी थांबल्या नाहीत. सरळ साक्षीकडे गेल्या आणि शेवटचा फोटो पुन्हा लावायला सांगितला. तो लागल्यावर त्या पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या, इतक्या जवळ की आईच्या पाट्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरी सांगूनच आलेय, अण्णा." एवढेच बोलून रिक्षा थांबवलीय म्हणून त्या गेल्या.

सोयरीक अजून थांबलेली आहे. निफाडची शेती आम्ही पुन्हा धरलेली नाही. नवनाथ देशमुखांशी आता हवामानाबद्दल बोलतो. व्याख्यानाच्या संध्याकाळी वाल्मीकरावांच्या घरातून आलेली माणसे : एक.